निवांतपणा ही महापालिकेची जबाबदारी आहे

गोव्यात 2022 च्या विधानसभा निवडणुकीआधी गोवा फॉरवर्ड पक्षाचे विजय सरदेसाई यांनी एक आश्वासन दिलं होतं. आपण मुख्यमंत्री झालो तर दुपारी दोन ते चार विश्रांती सक्तीची करू! देशभर त्यावर यथेच्छ हसून झालं. रस्ते, नोकऱ्या, वीज सोडून हा माणूस झोपेवर मतं मागतो, यावर विनोद करायला फारशी प्रतिभा लागत नाही. सरदेसाई काही मुख्यमंत्री झाले नाहीत आणि विषय तिथंच मिटला. माझ्या मते तो मिटायला नको होता. झोप सक्तीची करता येत नाही, हे कळायला निवडणूक लागत नाही. पण शहरातल्या माणसाला दिवसात दोन तास स्वतःचे मिळावेत का, आणि ते मिळतील अशी सोय करणं हे सरकारचं काम आहे का, हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

दर वर्षी मार्च लागला की सरकारी सूचना निघतात. दुपारी बारा ते तीन उन्हात बाहेर पडू नका, पाणी भरपूर प्या, अंगमेहनतीची कामं सकाळी नाहीतर संध्याकाळी उरका. आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकात हे छापून आलं की ते शास्त्र. पणजीच्या अठरा जून मार्गावरचा कापडवाला तेच बारा महिने, कुणी न सांगता पाळतो, तर तो आळशी. गोव्यात पारा विदर्भासारखा चढत नाही हे खरं. तेहतीस अंश ऐकून नागपूरकर हसेल. पण समुद्राकाठी घाम येतो आणि वाळत नाही, हीच तर सगळी गोम आहे. मे महिन्यात भर दुपारी पणजीच्या मार्केटात दोन पिशव्या घेऊन उभं राहावं, म्हणजे इथल्या लोकांनी घड्याळ असं का लावलं ते आपोआप कळतं.

एक वाजायच्या सुमाराला अठरा जून मार्गावर शटरांचे आवाज सुरू होतात. आधी बाहेर टांगलेल्या छत्र्या, पिशव्या, हँगरवरचे कपडे आत जातात. मग कोपऱ्यातली लोखंडी सळी निघते, तिचा आकडा शटरच्या कडीत अडकतो आणि शटर गुडघ्यापर्यंत येऊन थांबतं, कारण आतल्या गिऱ्हाइकाचं अजून ठरायचं असतं. त्याला कुणी हाकलत नाही. पण दिवा मालवला जातो, पंखा बंद होतो, आणि त्याला काय ते उमगतं. सव्वा वाजेपर्यंत रस्त्यावर औषधांची दुकानं, एटीएम आणि खानावळी एवढंच उरतं. खानावळीत मात्र बसायला जागा नसते. शीत, हुमण, रवा लावून भाजलेला बांगडा, किसमूर, सोलकढी. बोलणं कमी, जेवण जास्त. साडेतीनला शटरं पुन्हा वर जातात आणि रात्री आठपर्यंत दुकान चालतं. म्हणजे एकूण तास कुणी कमी केलेले नाहीत. दिवसाची घडी फक्त वेगळी घातली आहे.

पुणेकर वाचक इथे गालात हसत असणार. दुपारी बंद दुकानाचा विनोद मुळात त्यांच्यावरचा. पण चितळ्यांनीसुद्धा 2017 पासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मोकळीक दिली. तेव्हा ही गंमत आता गोव्याच्या वाट्याला आली आहे. गोंयकारही ती मिरवतो. सुशेगाद, म्हणजे निवांत, हा शब्द टीशर्टवर आला, रिसॉर्टच्या पाटीवर आला, बिल्डरच्या जाहिरातीत आला. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पणजीतल्या आरामशीर जगण्याला आपण लोकांचा स्वभाव समजतो. पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली सवय, खाऱ्या वाऱ्याचा परिणाम, किंवा फेणीचा, असं काहीतरी. एकदा तो स्वभाव ठरला की त्यासाठी कुणी काही करायची गरज उरत नाही. स्वभाव काय, राहीलच की! प्रत्यक्षात तो अंतरांचा, वेळांचा आणि मोकळ्या जागांचा हिशेब आहे. तो कुणीतरी बसवला, कुणीतरी चालवतं, आणि तो मोडायचं काम सध्या जोरात चालू आहे.

अंतरांपासूनच बघू. जुनं गोवें या आधीच्या राजधानीत साथींनी माणूस टिकेना म्हणून कारभार नदीच्या तोंडाकडे सरकला आणि 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. शहर आखून बांधलं, ते पायी चालणाऱ्यांसाठी. एका बाजूला मांडवी, मागे आल्तिनोची टेकडी, मधे सरळ रस्ते. खाली दुकान नि वर घर. फोंताइन्यास, मळा या जुन्या वस्त्यांत अजून अशी घरं उभी आहेत. एक वाजता शटर ओढून, जिना चढून, जेवून, डुलकी काढून पुन्हा खाली यायचं, यात प्रवासाला किती वेळ लागणार? 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती जेमतेम चाळीस हजारांच्या घरात होती. एवढ्या गावाला राजधानीच्या संस्था मिळाल्या. ग्रंथालय, कला अकादमी, संग्रहालय, खात्यांची मुख्यालयं, आणि त्याबरोबर येणारे सरकारी पगार. गोवा महाराष्ट्रात विलीन करायला नकार देणारा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल आम्हा मराठीवाल्यांना अजून कुठेतरी बोचतो, पण त्या दिवशी विलीनीकरण झालं असतं तर पणजी आज मुंबईपासून लांबचं एक जिल्ह्याचं ठिकाण असती. तिच्या आरामाला या छोट्या राज्याच्या तिजोरीचा टेकू आहे, हे मान्य केलेलं बरं. घरी जेवायला जाणारा कारकून हे त्या तिजोरीनेच दिलेलं सुख आहे.

आता फेरीबोट. मी मांडवीच्या पलीकडे, बेतीला राहते, आणि पणजीत कामाला येते. त्याआधी ठाणे ते सीएसटी अशी नोकरी केली आहे, त्यामुळे प्रवास या विषयावर माझी मतं ठाम आहेत. बेतीच्या धक्क्यावर बोट येते ती तोंड उघडून. पुढची लोखंडी फळी उतारावर टेकते, खरखरत थोडी वर सरकते, आणि ती पुरती टेकायच्या आत दुचाक्या सुटतात. मग आम्ही चालणारे. खलाशी एका हाताने साखळी लावतो, दुसऱ्या हाताने मागून धावत येणाऱ्याला ‘ये, ये’ करतो. कडेच्या बाकावर मासळीची रिकामी पाटी घेतलेली बाई, शाळेची दोन पोरं, बँकेतला शिपाई, हेल्मेट न काढता बसून राहिलेला एक जण. काही मिनिटांत पणजी. या काही मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. फोनवर बोलावं तर इंजिनाचा आवाज. म्हणून माणसं पाणी बघतात नाहीतर एकमेकांशी बोलतात. पूर्वी खनिजाच्या बार्जी रांगेने जायच्या तेव्हा त्यांची वाट सोडायला बोट मधेच थांबायची. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि नदी बरीच रिकामी झाली. तरी नदीत काय उरलं ते पुढे सांगते.

या बोटीला पायी जाणाऱ्याला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत. 2023 मध्ये दुचाकींना शुल्क लावायचा निर्णय झाला होता. लोक भडकले, आणि तो मागे घ्यावा लागला. तेव्हाचा सरकारी युक्तिवाद असा की नदी परिवहन खातं तोट्यात चालतं. चालणारच! पदपथही तोट्यात चालतो, बागेतलं बाकडं तोट्यात चालतं, रस्त्यावरचा दिवा तर रात्रभर तोट्यात जळतो. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा 1992 मध्ये नवा पूल होईपर्यंत उत्तर गोव्याची मुख्य भिस्त याच तोट्यातल्या बोटींवर होती. आज नदीवर तीन पूल आहेत. 2019 मधला अटल सेतू तर पाच किलोमीटरांहून लांब आहे. पुलावरून गाडी भुर्रकन जाते आणि पलीकडे सिग्नलपाशी जाऊन अडकते. बोटीतला माणूस ज्या वेळेला ‘फुकट गेलेला’ म्हणत नाही, तोच वेळ गाडीतला माणूस हॉर्न वाजवत घालवतो. दोघांना पोचायला लागणारी मिनिटं फारशी वेगळी नसतात. मला कुणी विचारलं की समुद्राकाठच्या गावात राहण्याचं सुख म्हणजे नेमकं काय, तर मी किनाऱ्याचं नाव आधी घेणार नाही. कामावर जाताना चिडायला लागू नये, हे माझं उत्तर.

तिसरी गोष्ट, पैसे न देता बसण्याची जागा. मिरामारची वाळू आहेच, पण ती तर निसर्गाने दिलेली. माणसांनी दिलेल्या जागा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. कांपालला चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कला अकादमी घ्या. रस्त्यावरून आत शिरायचं आणि इमारतीच्या पोटातून थेट नदीकाठी निघायचं. नाटकाचं तिकीट नसलं तरी कुणी अडवायचं नाही. तालीम करणारी पोरं, तबल्याची पेटी सावरत जाणारी मुलगी, कँटीनमधली चहाची गर्दी, आणि या सगळ्यातून फिरायला आलेले पेन्शनर. ही इमारत डागडुजीसाठी 2021 पासून बंद राहिली. काम चालू असतानाच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. नोव्हेंबरमध्ये ती उघडली, आणि कामाच्या दर्जावरून कलाकारांचा वाद अजून धुमसतो आहे. दोन वर्षांत शहराचं काय गेलं याचा हिशेब कुठल्याही निविदेत सापडणार नाही. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत कुठे जायचं, हा प्रश्न पणजीतल्या शेकडो लोकांना पहिल्यांदा पडला, एवढं मी बघितलं आहे. पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय तेवढं शाबूत आहे. मूळ संस्था 1832 ची. दुपारी तिथे अभ्यास करणारी मुलं असतात आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले दोन-चार आजोबा. त्यांना उठवत नाहीत, याबद्दल ग्रंथपालांचे आभार.

आणि नदीकाठ. बार्जी गेल्या, पण कॅसिनोची जहाजं हलली नाहीत. दयानंद बांदोडकर मार्गाच्या समोर, ऐन पाण्यात, रोषणाईने डोळे दिपवत ती उभी आहेत. मांडवी ही पणजीची ओसरी. तिथे संध्याकाळी आता पर्यटकांच्या गाड्या, पॅकेज विकणारे दलाल आणि हॉर्न. विरोधात असताना ‘कॅसिनो मांडवीतून हटवू’ म्हणणारे पक्ष सत्तेत आले की मुदतवाढ देतात; हे इतक्या वेळा झालं की आता त्याची बातमीही होत नाही. जुगार वाईट की चांगला, या वादात मला पडायचं नाही. ज्याला खेळायचं त्याने खेळावं. पण नदीचा काठ हा गावाचा असतो, आणि संध्याकाळी सात वाजता आजीने नातवाचा हात धरून तिथे चालायला घाबरावं, एवढा महसूल कुठल्याच धंद्यातून येत नसतो.

इथवर मी पणजीचं कौतुक केलं. आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या बाजूइतकीच खरी आहे.

एक तर निवांतपणा आणि ढिलाई यांची आपण सोयीस्कर गल्लत करतो. एका सरकारी कचेरीत माझा साधा दाखला महिनाभर अडकला होता. ‘फाल्यां यो’, म्हणजे उद्या ये, असं हसतमुखाने सांगणारा कारकून दर खेपेला तेवढाच हसतमुख असायचा. हे सुशेगाद नव्हे, ही दुसऱ्याच्या वेळेवर केलेली मजा. एकाची फुरसत दुसऱ्याच्या खेपांतून निघत असेल तर तिचं कौतुक करायचं कारण नाही. स्मार्ट सिटीच्या नावाखाली पणजी दोन-तीन वर्षं उकरून ठेवली होती. धूळ, खड्डे, बंद रस्ते. शेवटी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः कामं पाहायला शहरात फिरावं लागलं. त्या काळातही कुणीतरी कुठेतरी निवांत होतंच.

पण खरा पेच वेगळा आहे. दुपारची विश्रांती कुणाची? अठरा जून मार्गावरच्या त्या कापडाच्या दुकानात उभी राहणारी मुलगी साखळीहून येते. किंवा डिचोलीहून, पेडण्याहून. सकाळी आठला कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस धरते. एक वाजता मालक जिना चढून वर जातो. ती कुठे जाणार? अडीच तासांत घरी जाऊन परत येणं होत नाही. ती पोटमाळ्यावर कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून डबा खाते, नाहीतर चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता बागेत मैत्रिणींबरोबर बसते, पावसाळ्यात तेही नाही. या अडीच तासांचा पगार नाही. रात्री आठला दुकान बंद झालं की पुन्हा बस, घरी पोचायला सव्वानऊ. मालकाच्या दिवसात दोन सकाळी असतात. तिचा एकच दिवस तेरा तासांचा होतो. जेवण वाढणारा ओडिशाचा पोरगा, बांधकामावरचा झारखंडचा गवंडी, घरकाम करायला येणारी विजापूरकडची बाई यांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांची दुपार कुणी मोजतच नाही.

यावर सरळ उत्तर असं सुचतं की मग दुकानं उघडीच ठेवा, मुलगी सहाला सुटेल. इतकं सोपं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण दुपारी बंद न होणारी मोठी दुकानं पणजीत आहेत, आणि तिथल्या मुली सहाला सुटतात असं कुणी समजू नये. दुकान सलग चाललं की पाळी सलग होते, बसायला स्टूल मिळत नाही, आणि रात्री नऊचं गिऱ्हाईक वाढतं. विश्रांती रद्द केल्याने तिला विश्रांती मिळत नाही, फक्त मालकाचीही जाते. समता आली म्हणायचं तर म्हणा.

माझ्या मते तिची अडचण दुपार नाही, साखळी आहे. म्हणजे तिचं गाव नव्हे, तिचं अंतर. खाली दुकान नि वर घर, या रचनेवर बसवलेलं घड्याळ आपण तसंच ठेवलं आणि रचना मोडू दिली. पणजीत पगारदार माणसाला भाड्याने जागा मिळणं दुरापास्त झालं आहे. 2020 नंतर घरून काम करणारे मुंबई-दिल्ली-बंगळूरवाले आले, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. माझ्यासारखी माणसं त्यांच्या आधीची तीच. पण भाडं ठरतं ते त्यांच्या पगारावर, आणि साखळीची मुलगी साखळीलाच राहते. त्यात दुसऱ्या घरांची हौस. वर्षातून पंधरा दिवस उघडणारे फ्लॅट ताळगाव, पर्वरी, आसगावात बघा. संध्याकाळी इमारतीत दिवे मोजले तर इमारत रिकामी आहे की काय असं वाटावं. 2024 मध्ये सरकारी आकड्यानुसार एक कोटीहून अधिक पर्यटक आले. त्यांच्यातल्या थोड्यांना इथे घर हवंसं वाटलं तरी चौदा-पंधरा लाखांच्या राज्यात त्याचा धक्का केवढा बसेल! नगरनियोजन कायद्याच्या 17(2) आणि 39अ या कलमांखाली जमिनींचा वापर तुकड्यातुकड्याने बदलायची सोय झाली आणि त्यावरून न्यायालयात लढाया चालल्या, त्या काही हवेतून आल्या नाहीत. हिरवा डोंगर हा तिथला एक मुद्दा आहे. कापडाच्या दुकानातली मुलगी हा दुसरा, पण तो फारसा कुणी मांडत नाही.

जाहिरातीत जे विकलं जातं ते तर यापुढचं. ‘या, इथे वेळ थांबतो.’ अहो, थांबत नाही, कुणीतरी थांबवून धरतो. पहाटे पावांची टोपली सायकलवर बांधून भोंगा वाजवत दारात येणारा पोदेर, नदीच्या दोन काठांमध्ये दिवसभर फेऱ्या मारणारा खलाशी, दुपारी ग्रंथालय उघडं ठेवणारी बाई. यांनी काम केलं म्हणून बाकीचे सुखाने टेकले. जो फ्लॅट घेतो तो ही सगळी यंत्रणा फुकटात घेतो आणि तिच्यावर आणखी एक गाडी उभी करतो. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या आता लोकसंख्येच्या घरात गेली आहे. पणजीत पार्किंग शोधत फिरणाऱ्या माणसाच्या तोंडावर सुशेगाद कुठे दिसतो का, ते एकदा निरखावं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परक्या गावचं वाटायचं कारण नाही. अलिबागजवळ मांडव्याला 2020 पासून गाड्या नेणारी रो-रो बोट आली, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, आणि अलिबाग मुंबईच्या अंगणात आलं. तिथल्या बाजारपेठेत दुपारी शटरं अजून खाली येतात. मालवणात, वेंगुर्ल्यातही. अलिबागच्या जाहिराती आत्ताच वाचून बघा. पणजीच्याच आहेत, फक्त नाव बदललं आहे. तिथल्या नगरपालिकेने आज ठरवलं की बंगल्यांच्या बरोबरीने बाजारात काम करणाऱ्यांची घरंही गावातच हवीत, तर काही वाचेल. पाच वर्षांनी ठरवायला गेलं तर जमीन शिल्लक नसेल.

मग पणजीत काय करायचं? माझ्या मागण्या मोठ्या नाहीत, पण गोड बोलून टाळण्यासारख्याही नाहीत. फेरीबोट फुकट राहिली पाहिजे, आणि पूल आहे म्हणून तिच्या फेऱ्या कमी करायची भाषा बंद झाली पाहिजे. मांडवीच्या काठाला पाण्यासमोर नवीन धंद्याला परवाना नको, आणि कॅसिनोंना पुढची मुदतवाढ देताना शहराला आधी विचारलं पाहिजे. 2024 मध्ये शहरात विजेवरच्या कदंब बसेस आल्या, चांगलं झालं. आता साखळी-डिचोलीच्या शेवटच्या बसची वेळ दुकानांच्या वेळेशी जुळवा. आणि ज्यांचं दुकान दुपारी बंद होतं पण घर शहरात नाही, त्यांच्यासाठी सावलीची, पंखा नि संडास असलेली जागा महापालिकेने मार्केटच्या इमारतीत द्यावी. त्याला फार तर दोन खोल्या आणि एक राखणदार लागतो. दुपारचे तास पगारात धरावेत का, हा कायद्याचा प्रश्न आहे. दुकानदार माझ्यावर चिडतील हे माहीत असूनही सांगते, निदान अर्धे तरी धरावेत. शहराची विश्रांती ही मौज असेल तर तिचं बिल सर्वांत कमी कमावणाऱ्याने का भरायचं?

सगळ्यात महत्त्वाची मागणी घरांची. अठरा जून मार्गावरच, कापडाच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर, जुन्ता हाउस ही सरकारी इमारत उभी आहे. ती जीर्ण झाली आहे, आणि तिच्या जागी नवी बांधायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. अशा चर्चेत नेहमी तीन गोष्टी येतात: कचेऱ्या, व्यापारी गाळे, पार्किंग. चौथी कुणी काढत नाही. शहराच्या ऐन मध्यात सरकारच्या मालकीची एवढी जागा पुन्हा मिळणार नाही. तिचे वरचे दोन मजले भाड्याच्या खोल्यांना द्यावेत, शहरात काम करणाऱ्यांना, पगाराच्या प्रमाणात भाडं लावून. विकायच्या नाहीत, भाड्यानेच द्यायच्या, आणि नोकरी सुटली की रिकाम्या करायच्या. यात अवघड काही नाही. सरकार आपल्या नोकरांसाठी हेच आल्तिनोवर पिढ्यानपिढ्या करत आलं आहे. नव्या इमारतीचा आराखडा लोकांपुढे येईल तेव्हा मी ही सूचना लिहून द्यायला बेतीहून येणार आहे. आणखी पन्नासेक जणांनी हीच लिहून दिली तर ती कचऱ्याच्या टोपलीत टाकणं थोडं अवघड जाईल.